निळ्या शेपटीवरची काटेसावर

काही माणसं विमानतळाच्या कुंपणाबाहेर तासन्‌तास उभी असतात. गळ्यात दुर्बीण, हातात वही. त्यांना कुठं जायचं नसतं, कुणाला आणायचंही नसतं. येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे नोंदणीक्रमांक टिपायचे, एवढाच त्यांचा नाद. इंग्लंडात हा छंद जुना आहे. २००१ साली ग्रीसमध्ये अशा काही ब्रिटिश छांदिष्टांना हेरगिरीच्या संशयावरून पकडलं. २००२ मध्ये कोर्टानं त्यांना दोषी ठरवलं आणि त्याच वर्षी अपिलात ते निर्दोष सुटले. तेव्हा मंडळी, कॅमेरा कुठे रोखतो याचं भान हवं!

पण नुसत्या क्रमांकात असतं तरी काय? बी-६१३६ हा एक क्रमांक घेऊ. आपल्या विमानांवर 'व्हीटी' असतं, तसं चीनच्या विमानांवर 'बी'. चार इंजिनं, नाकापासून शेपटीपर्यंत दोन मजले, म्हणजे हे एअरबस ए-३८०. निळ्या शेपटीवर लाल फूल. हे फूल तुमच्या ओळखीचं आहे. पानं गळलेल्या झाडावर शिमग्याच्या सुमारास फुलते, ती आपली काटेसावर. ग्वांगझू शहराचं ते मानाचं फूल, आणि तिथलीच ही चायना सदर्न कंपनी.

मुख्य भूमी चीनमध्ये ए-३८० घेतलं ते या एकाच कंपनीनं. एकूण पाच विमानं, पहिलं ऑक्टोबर २०११ मध्ये आलं. आसनं ५०६. असलं विमान महासागर ओलांडण्यासाठी बनवलेलं, पण सुरुवातीला ते धावलं बीजिंग-ग्वांगझू असं देशातल्या देशात! वऱ्हाडाची बस भाजी आणायला काढावी, तसलाच हा प्रकार. बीजिंगहून परदेशी जाणारे कमाईचे मार्ग प्रामुख्यानं एअर चायनाच्या हाती होते, आणि चायना सदर्नचं घर दक्षिणेला. विमान पैसे मोजून मिळतं. मार्ग सरकारकडून मिळवावा लागतो. २०१२ मध्ये ग्वांगझूहून लॉस एंजेलिस सुरू झालं, पुढल्या वर्षी सिडनी.

मग आला कोरोना. जगभरची ए-३८० जमिनीवर बसली. पण मार्च २०२० मध्ये चीननं नियम केला : एका कंपनीनं एका देशासाठी एकच मार्ग ठेवायचा, आठवड्याला फेरीही एकच. फेरी एकच, तर मोठ्यात मोठं विमान का नेऊ नये? भरायला जड म्हणून ज्याला नावं ठेवली, तेच आता उपयोगी पडलं. हे दिवस फार टिकले नाहीत. २०२२ साली पाचही विमानं ताफ्यातून गेली. वीस-पंचवीस वर्षं सहज उडू शकणारी ही यंत्रं, अकरा वर्षांतच निवृत्त!

ती काटेसावर आता दुसऱ्या विमानांच्या शेपटीवर दिसते. ए-३८० पाहायचंच असेल, तर मुंबईला एमिरेट्सचं येतं. पंखांचा पसारा जवळपास ऐंशी मीटर. क्रमांक शेपटीच्या जरा अलीकडे वाचा; सुरुवात 'ए-सहा'नं असेल.