काटा कधी चढतो?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



गेल्या मे महिन्यात आमच्या इमारतीतले एक गृहस्थ बिलांची चळत घेऊन माझ्याकडे आले. गाडी गरम होते ही तक्रार. तीन महिन्यांत रेडिएटर बदलून झाला, थर्मोस्टॅट बदलून झाला, कुलंट दोनदा बदललं, आणि गाडी आपली तशीच गरम. आता मेकॅनिक वॉटर पंप बदलू म्हणतोय. ‘काका, तुम्ही एसटीच्या वर्कशॉपमध्ये होतात, तुम्हीच काय ते सांगा.’ मी विचारलं, काटा कधी चढतो? ते म्हणाले, ‘गरम झाली की.’

हसू नका. तुमच्यापैकी किती जणांना आपल्या गाडीबद्दल याहून वेगळं उत्तर देता येईल? आणि आपण तर घोडबंदर रोडवर राहतो. गाडी का तापते हे शोधायला याच्यासारखी दुसरी प्रयोगशाळा नाही. माजिवडा ते मानपाडा गाडी उभी राहून तापते. वाघबीळच्या पुढे रात्री अकराला रस्ता मोकळा मिळाला तर वारा लागतो. ओवळा ओलांडलं की गायमुखचा चढ. उभी गाडी, पळती गाडी, चढती गाडी, तीनही परीक्षा एकाच रस्त्यावर होतात.

इंजिनात पेट्रोल जळतं, त्या उष्णतेचा ढोबळ मानाने तिसरा हिस्सा कामी येतो. तेवढाच धुराबरोबर सायलेन्सरमधून जातो. उरलेला पाण्यातून रेडिएटरमार्गे हवेत सोडावा लागतो. अगदी सुरुवातीच्या गाड्यांना रेडिएटरच नव्हता, पाणी उकळायचं आणि वाफ होऊन उडून जायचं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ ही बाई नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गाडीने गेली. शंभर किलोमीटरच्या वरचा रस्ता, आणि वाटेत मिळेल तिथे पाणी भरत जायचं. पुढे १९०० च्या सुमारास मायबाखने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, ८,०७० बारीक नळ्यांचा. मग तेच पाणी फिरवून फिरवून वापरणं सोपं झालं.

आजच्या गाडीत हे पाणी दाबाखाली असतं. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिटीच. कुकरमध्ये पाणी शंभर अंशांना न उकळता एकशेवीसच्या आसपास उकळतं, तसंच इथे. म्हणून झाकणाचं रबर सैल झालं की बाकी सगळं ठणठणीत असूनही गाडी पाणी फेकते. आणि म्हणूनच गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही. वाफ जिरण्याआधी कुकर कोणी उघडतं का? पण बोनटखाली मात्र शहाणी माणसं तेच करतात आणि हात भाजून घेतात. वरचा जाड होस पाइप फडक्याने धरून दाबून बघा. तो टणक लागतोय तोवर थांबा.

आता परीक्षेकडे वळू. गाडी कापूरबावडीच्या सिग्नलला तापते, आणि पळायला लागली की काटा खाली येतो. याचा अर्थ पळताना रेडिएटरला वारा मिळतो, उभी असताना मिळत नाही. उभ्या गाडीला वारा कोण देतं? फॅन. मग आधी फॅन, त्याचा फ्यूज, रिले आणि सेन्सर बघा. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, ती मेट्रोच्या कामाच्या धुळीची. रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो, त्या दोघांच्या फटीत धूळ, पानं, किडे यांची गादी बसते. समोरून गाडी चकाचक दिसते. पाणी मारायचं तर आतून बाहेरच्या बाजूला, आणि बेताच्या धारेने, नाहीतर पत्र्याच्या बारीक पात्या मुडपतात.

उलट, सिग्नलला बरी असणारी गाडी गायमुखला तापत असेल, तर वारा मिळतोय पण पाणी पुरेसं फिरत नाही. रेडिएटर आतून चोक झालाय, थर्मोस्टॅट अर्धाच उघडतोय, किंवा पंपाची पाती झिजलीत. इथे जरा आपल्या पाण्याबद्दल बोललं पाहिजे. आपल्याकडे किती सोसायट्या टँकरवर चालतात ते मी सांगायला नको. टँकरचं पाणी बोअरचं असलं की बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, गिझरची कॉइल काढली तर चुन्यात बुडवल्यासारखी दिसते. तेच पाणी वॉचमन गाडीत ओततो, कारण गाडी धुता धुता साहेबांनी सांगितलेलं असतं, ‘जरा रेडिएटरपण बघ रे.’ मी एक रेडिएटर कापून पाहिलाय. नळ्यांत उदबत्तीची काडी जाईना. कुलंटमध्ये मिसळायला डिस्टिल्ड पाणी घ्या, ते इन्व्हर्टरसाठी घरात असतंच.

तिसरा प्रकार वाईट. गाडी कुठेही तापते, पाणी रोज कमी होतं, आणि गळती तर कुठेच दिसत नाही. सकाळी थंड असताना झाकण काढून इंजिन चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नसेल, ऑइलची पट्टी चहात बुडवल्यासारखी दुधाळ निघत असेल, तर हेड गॅस्केट गेलं. मग हेड काढणं, लेथवर फेसिंग मारणं, सगळं ओघाने आलं. ॲल्युमिनियमचं हेड एकदा खूप तापलं की वाकतं. असं इंजिन एका दिवसात जात नाही, काट्याकडे काणाडोळा करत चालवल्याने जातं.

काट्यावरही फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो. बरंच तापमान वाढलं तरी हलत नाही, मग एकदम उसळतो. काही नव्या गाड्यांत काटाच नाही, थेट लाल दिवा. आणि पाणी पूर्ण गळून गेलं तर सेन्सर कोरड्या हवेत लटकतो आणि काटा चक्क खाली येतो. माणूस म्हणतो, उतरली बुवा गरमी!

एका सल्ल्याबद्दल मात्र मला राग आहे. ‘थर्मोस्टॅट काढून टाका साहेब, आपल्याकडे थंडी कुठंय?’ थर्मोस्टॅट म्हणजे एक झडप, तिच्या डबीत मेण असतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना ते वितळून फुगतं आणि रेडिएटरची वाट उघडतं. तोवर इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून पाणी आतल्या आत फिरतं. बऱ्याच इंजिनांत तीच झडप उघडताना आतली वाट बंदही करते. ती काढलीत तर काही पाणी कायम रेडिएटर चुकवून फिरत राहतं, म्हणजे थंड करायला गेलात आणि ऐन चढावर गाडी जास्तच तापते.

गायमुखला काटा चढलाच, तर एसी बंद करा आणि हीटर फुल. मे महिन्यात घरचे तुमच्याकडे कसे बघतील ते मला माहीत आहे, पण हीटर म्हणजे गाडीतला दुसरा छोटा रेडिएटरच. तरी उतरत नसेल तर बाजूला घ्या, इंजिन बंद. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. गंमत बघा, गायमुख म्हणजे पाण्याची धार पडते ते तोंड. आणि तिथेच गाड्या बोनट उघडून तहानलेल्या उभ्या!

तर ते गृहस्थ. मी त्यांना काटा कधी चढतो ते दोन दिवस लिहून ठेवायला सांगितलं. कागद आला: माजिवडा, चढला. मानपाडा, चढला. पुढे रस्ता मोकळा, उतरला. गायमुख, नॉर्मल. मी खाली गेलो, गाडी उभ्याने चालू ठेवली. काटा चढत गेला, फॅन ढिम्म. फ्यूज शाबूत. रिले काढून हातात घेतला, शेजारी हॉर्नचा रिले होता, पाय तितकेच, वरचा नंबर तोच. अदलाबदल केली. फॅन असा सुटला की समोरचं वर्तमानपत्र उडालं.

नवा रिले दुसऱ्या दिवशी आला. तोवर ते गृहस्थ हॉर्नशिवाय माजिवड्याला जाऊन आले, आणि त्या दिवशी आपल्याला फारसा उशीर झाला नाही, असं त्यांनी मला जरा आश्चर्यानेच सांगितलं.