पाकिटावरचं इंग्रजी आणि वावरातली ज्वारी

(यवतमाळ जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आज भावाबद्दलच बोलायचं आहे, पण सुरुवात शब्दापासून करतो.

ज्वारीला सरकारी इंग्रजीत 'कोर्स सिरियल' म्हणत. कागदावर त्याचं मराठी झालं 'भरड धान्य'. आपल्या घरात भरड म्हणजे जाडंभरडं दळलेलं. दाणा कधी भरड असतो काय? पण नाव पडलं, आणि भरड म्हणजे हलकं हे शहरवाल्याच्या डोक्यात बसलं. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने राजपत्रात नाव बदलून 'न्यूट्री-सिरियल' केलं. मराठीत 'पौष्टिक तृणधान्य' आलं. २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी या धान्यांचं वर्ष म्हणून पाळलं आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात ती 'श्री अन्न' झाली. त्या २०२३-२४ च्या हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव होता क्विंटलला ३,१८० रुपये. म्हणजे 'श्री' लागूनही किलोला पुरते बत्तीस रुपये नाहीत.

मग नावाचा पैसा कोणाला मिळाला? शहरातल्या मोठ्या दुकानात जाऊन पाहा. आपल्या कण्या तिथे 'सोरघम ग्रिट्स' आहेत. दगडी चक्कीचं पीठ 'स्टोन-ग्राउंड' आहे. लाह्यांच्या पुडीवर 'गिल्ट-फ्री स्नॅक' लिहिलं आहे. याचं शब्दाला शब्द ठेवून मराठी केलं तर होईल 'अपराधमुक्त अल्पोपहार'. लाह्या खाऊन अपराध कसला? आपली म्हातारी एवढंच म्हणते, "खा पोटभर, बाधत नाही." झालं भाषांतर.

आता 'ग्लूटेन-फ्री' घ्या. गव्हाची कणीक मळली की ती ताणते, तो चिकटपणा ग्लूटेनचा. ज्वारीत तो नसतो, म्हणून तर भाकरीला उकळतं पाणी घालावं लागतं आणि विरी गेलेल्या पिठाची भाकर थापताना तुटते. आजवर सुनेची परीक्षा घेणारा हा गुण आता पाकिटावर मिरवतो. मराठीत सरळ लिहावं : 'गहू न चालणाऱ्यांसाठी'. पण सावध राहा. ग्लूटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. गव्हाच्याच चक्कीवर ज्वारी दळली तर हा दावा टिकणार नाही. बचत गटाच्या बहिणींनी चक्की वेगळी ठेवावी, नाहीतर तो शब्द लिहू नये. 'ज्वारीने साखरेचा आजार बरा होतो' असंही छापू नये. आजार बरा करण्याचे दावे खाद्यपदार्थावर कायद्याने चालत नाहीत.

दुसऱ्याचं पाकीटही वाचायला शिका. समोरच्या मोठ्या अक्षरांवर जाऊ नका, पाकीट उलटं करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. 'मल्टीग्रेन'च्या यादीत पहिलं नाव गव्हाचं असेल तर तो गव्हाचाच आटा, ज्वारी शिंपडलेली. बिस्किटाच्या नावात ज्वारी मिरवली असेल तर ती किती टक्के हेही लिहावं लागतं. फरसाणावर 'कॉटनसीड ऑइल' दिसलं तर ओळखा, ते आपल्याच सरकीचं तेल. सरकीची ढेप आपण विकत आणतो, आणि तेल इंग्रजी नावाने आपल्याच पोरांच्या खाऊत परत येतं.

काही म्हणतील, इंग्रजीवाचून माल खपत नाही. फ्रान्समध्ये ४ ऑगस्ट १९९४ चा कायदा आहे. मालावरची माहिती फ्रेंचमध्ये हवी, जाहिरातीत परभाषेतलं वाक्य असेल तर सोबत फ्रेंच भाषांतर हवं. मॅकडोनाल्ड्ससारख्या कंपनीनेही 'आय'म लव्हिन' इट'चं शब्दशः फ्रेंच केलं नाही, 'मला आवडतं ते सगळं हेच' अशा अर्थाचं त्यांच्या बोलीत बसणारं वाक्य घेतलं. म्हणून तिथे कोणाचा धंदा बुडाला नाही. आपल्याकडे दुकानाची पाटी मराठीत हवी असा नियम आहे, पण आतल्या पाकिटाला इंग्रजी किंवा देवनागरीतली हिंदी पुरते. मात्र त्यासोबत मराठी छापायला कोणी मनाई केलेली नाही.

तेव्हा आपल्या गटाचं पाकीट निघेल त्यावर 'कण्या' लिहा, 'ज्वारीचं पीठ' लिहा, कोणत्या तालुक्यातलं, कधी दळलं ते लिहा. नियमाचं इंग्रजी खाली असू द्या. शहरात गेलेली आपली माणसं कण्या हा शब्द विसरलेली नाहीत, तो शब्द दिसला की हात पुढे येतो. शब्दाचा पैसा व्यापाऱ्याला मिळू शकतो, तर पिकवणाऱ्याला का नाही?

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने घरातलं एक रिकामं पाकीट आणावं. उलटं करून सगळे मिळून वाचू.