आज्ञावली न लिहिता रचलेले पान
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आयुष्यभर खडू आणि फळा यांच्याशीच ज्याचा संबंध आला, अशा एका मॅट्रिक झालेल्या निवृत्त शिक्षकाने संगणकावरील पानांच्या रचनेवर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना विपरीत वाटेल. तथापि यंदापासून आपल्या शिष्यवृत्तीचे अर्ज संकेतस्थळावरून घ्यावयाचे असे कार्यकारिणीने ठरविले आहे, आणि ते पान आपल्याच घरांतील मुलेमुली रचणार आहेत. तेव्हा हा विषय केवळ अभियंत्यांचा राहिलेला नाही.

संकेतस्थळाचे पान दोन जातींचे असते. एक सूचनाफलकासारखे, वाचावे आणि पुढे जावे. दुसरे खिडकीमागे बसलेल्या कारकुनासारखे. आपण काही सांगावे, त्याने त्यावरून पुढचे विचारावे. हे दुसरे पान रचावयाचे तर एरवी जावास्क्रिप्टसारख्या भाषेत आज्ञावली लिहावी लागते, आणि तीत एखादा कंस राहिला तरी सारे काम अडते. इंग्रजी अक्षरांनी भरलेला तो मजकूर पाहूनच आपल्यातील पुष्कळजण मागे फिरतात.

वस्तुतः आरंभी असे योजिलेले नव्हते. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी 1990 साली पहिला ब्राउझर तयार केला, त्यात पान पाहता येई तसे त्याच जागी लिहिताही येई. खुणांची भाषा हाताने लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु तो नेक्स्ट नावाच्या यंत्रावरच चाले, आणि पुढे जे ब्राउझर घरोघर पोचले ते बहुतांशी केवळ दाखविणारे होते. लिहिण्याची सोय गेली, ती फ्रंटपेज, ड्रीमवीव्हर अशा साधनांनी काही वर्षांनी वेगळ्या वाटेने परत आणली.

मला स्वतःला यातील सर्वांत मनोहर साधन वाटते ते मुलांसाठी केलेले स्क्रॅच. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत मिचेल रेस्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तयार करून 2007 साली सर्वांस मोफत खुले केले. यात आज्ञा लिहावयाच्या नसतात. रंगीत ठोकळे ओढून एकाखाली एक बसवावयाचे असतात. ‘ही कळ दाबली असता’ हा एक ठोकळा, ‘दहा पावले चाल’ हा त्याच्याखाली. की पडद्यावरचे मांजर चालू लागते. शिक्षक या नात्याने मला कौतुक वाटते ते ठोकळ्यांच्या आकाराचे. जेथे खरे की खोटे असा प्रश्न हवा, तेथील खाच षट्कोनी असते आणि तीत षट्कोनी ठोकळाच बसतो. व्याकरणाची चूक करू म्हटले तरी करता येत नाही! पण निर्दोष व्याकरणाचा निबंधही नीरस असू शकतो, हे आम्ही वह्या तपासणारे जाणतो. ठोकळे अचूक बसतात, आणि मांजर मात्र पडद्याच्या कडेला जाऊन तेथेच थांबते, कारण कडेला पोचल्यावर काय करावे हे कोणी सांगितलेलेच नसते.

आता हेच आपल्या अर्जास लावून पाहा. गुगल फॉर्म्ससारख्या साधनात प्रश्न मांडणे हे दहा मिनिटांचे काम आहे. अमुक उत्तर आल्यास अमुक भागाकडे जावे, हेही एका यादीतून निवडून ठरविता येते. एखादा प्रश्न अनिवार्य करावयाचा तर एक लहानशी कळ सरकविली की झाले. त्या कळीचेच मला भय वाटते. ‘वडिलांचे वार्षिक उत्पन्न’ हा रकाना अनिवार्य केला, तर ज्या मुलीचे वडील हयात नाहीत तिने काय लिहावे? शिक्षणाच्या यादीत दहावी, बारावी आणि पदवी एवढेच ठेवले, तर आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलाने कोठे जावे? आजवर आपल्या कार्यालयात असे मूल आले की चिटणीस म्हणत, “बस बाळ, कोरे ठेव, आपण पाहू.” पान असे म्हणत नाही. ते लाल अक्षरांत अडविते. मूल मुकाट्याने निघून जाते, आणि ते आले होते हे आपणांस कळतदेखील नाही. ज्यांच्यासाठी हा निधी दात्यांनी दिला, नेमकी तीच मुले अशा रीतीने बाहेर राहावयाची.

आणखी एक कळ अशीच आहे. ती चालू राहिली तर अर्ज भरणाऱ्यास इतरांच्या उत्तरांचा गोषवारा दिसू लागतो. कोणाच्या घरी किती मिळकत आहे हे ज्ञातीत चर्चेस यावे, असे कोणासही वाटणार नाही. वधू-वर सूचीचे पान करण्याची सूचना आली आहे, तिचाही विचार याच दृष्टीने व्हावा.

साधनावर किती विसंबावे, याविषयी थोडेसे. फ्लॅश हे एके काळी जगभर वापरले जाणारे साधन होते. चित्रे हलविणारी, खेळ खेळविणारी असंख्य पाने त्यावर उभी होती. 31 डिसेंबर 2020 रोजी त्याचा आधार संपला आणि 12 जानेवारी 2021 पासून तो मजकूर चालेनासा झाला. स्क्रॅचची 2013 ची आवृत्तीही फ्लॅशवरच होती. परंतु तिच्या कर्त्यांनी वेळीच सावध होऊन 2 जानेवारी 2019 रोजी नवी आवृत्ती दुसऱ्या पायावर उभी केली, म्हणून मुलांची कामे वाचली. आपण काही एमआयटी नव्हे. सबब आलेल्या अर्जांची प्रत दर आठवड्यास उतरवून मंडळाच्या दप्तरी ठेवावी, असे मी सुचवितो.

पानाचा आराखडा मुलांनी आधी कागदावर, मराठीत काढला आहे. कोणत्या उत्तरानंतर कोठे जावयाचे ते बाणांनी दाखविले आहे. तो कागद प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे आणि शेजारी पेन्सिल आहे. ज्यांच्या घरी यंदा अर्ज करणारे मूल आहे त्यांनी जाण्यापूर्वी तो वाचावा, आणि आपल्या परिस्थितीस जुळेल असे घर त्यात नसेल तर निःसंकोचपणे तेथे लिहावे. नाव घालण्याची आवश्यकता नाही.