हातालाही शाळा हवी

तुमच्याजवळ शंभराची ती फिकट जांभळी नोट असेल तर जरा हातात घ्या. बघू नका, डोळे मिटा आणि कडेवरून अंगठा फिरवा. तिरक्या, उठावाच्या चार रेघा लागतील. उजवीकडे थोडं आत सरकलात की एक बारीक त्रिकोण लागेल. ज्यांना दिसत नाही त्यांना नोट ओळखता यावी म्हणून रिझर्व्ह बँकेनं केलेली ही सोय आहे. नोट कोरी असेल तर चटकन कळेल, चुरगळलेली असेल तर दोनदा अंगठा फिरवावा लागेल.

आता डोळे उघडा आणि नोट उलटी करा. मागच्या बाजूला गुजरातमधल्या पाटणची राणी की वाव आहे. अकराव्या शतकात सोळंकी राणी उदयमतीनं पती भीमदेवाच्या स्मरणार्थ बांधलेली ही पायऱ्यांची विहीर 64 मीटर लांब, 20 मीटर रुंद आणि 27 मीटर खोल आहे. तिला सात मजले आहेत आणि भिंतींवर पाचशेहून जास्त मोठी शिल्पं. सरस्वती नदीच्या गाळानं ती कित्येक शतकं बुजलेली होती. त्या गाळानंच शिल्पं सांभाळली, असं म्हटलं तरी चालेल.

2011 साली या विहिरीत स्कॉटलंडहून एक पथक उतरलं. हा उपक्रम तीन संस्थांचा होता. एक स्कॉटलंडचं पुरातत्त्व खातं, दुसरा ग्लासगोच्या कलाशाळेतला डिजिटल डिझाइन स्टुडिओ आणि तिसरी अमेरिकेतली सायआर्क. ही सायआर्क संस्था बेन कासिरा नावाच्या इराकमध्ये जन्मलेल्या स्थापत्य अभियंत्यानं उभी केली. लेझर स्कॅनर त्यानं बनवला होता तो कारखाने आणि पूल मोजण्यासाठी. पण 2001 साली बामियानच्या बुद्धमूर्ती सुरुंगानं उडवल्या गेल्या, तेव्हा त्याला वाटलं की जगातला वारसा नाहीसा होण्याआधी मोजून ठेवायला हवा. स्कॉटलंडमधली पाच आणि बाहेरच्या देशांतली पाच स्थळं मोजायची असं या तिघांनी ठरवलं. बाहेरच्या पाचांत आपली वाव होती.

स्कॅनर काय करतो हे तुम्हाला माहीत असेल, तरी एका वाक्यात सांगतो. तो स्वतःभोवती फिरत लेझरचा किरण फेकतो, किरण भिंतीवर आपटून परत आला की अंतर काढतो, आणि असे हजारो बिंदू दर सेकंदाला टिपत जातो. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या हिश्श्यात शाळेतल्या पट्टीएवढं, म्हणजे 30 सेंटिमीटर अंतर कापतो. यावरून ही मोजणी किती नाजूक असेल त्याचा अंदाज करा. त्या बिंदूंचा एक ढग तयार होतो. मग तोंडावर तो व्हर्च्युअल रिॲलिटीचा चष्मा चढवला की घरबसल्या पाटणच्या पायऱ्या उतरता येतात.

फार मोठं काम आहे, त्याबद्दल मनात आदरच आहे. पण मित्रांनो, हे सगळं डोळ्यांचं काम झालं. हाताचं काय? आज मला दहा मिनिटं मिळाली आहेत आणि ती मी हातासाठीच मागून घेतली आहेत.

मी पशुवैद्यक. नोकरीतला बराच काळ विद्यार्थ्यांना गाईची गर्भतपासणी शिकवण्यात गेला. शेतकरी बंधूंना हे नवीन नाही. खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवायचा, साबणाचं पाणी लावायचं, गाय खोड्यात उभी करायची आणि गुदाशयात हात घालून आतड्याच्या पातळ भिंतीतून खालचं गर्भाशय चाचपायचं. दोन महिन्यांची गाभण असेल तर गर्भाशयाचं एक शिंग दुसऱ्यापेक्षा जाड लागतं, आत पाणी भरलेलं जाणवतं. चिमटीत हलकेच धरलं तर आतला पडदा बोटांतून सुळकन निसटतो. ते निसटणं बोटांना एकदा कळलं की जन्मभर विसरत नाही. आणि कळेपर्यंत काहीच कळत नाही. मधूनच गाईला कळ येते, आतडं हातावर आवळतं आणि बोटं बधिर होतात. तेव्हा ढकलाढकली करायची नसते, थांबायचं असतं.

यात शिकवणाऱ्याची अडचण बघा. विद्यार्थ्याचा हात आत आहे. तो नेमका कुठं आहे हे मला दिसत नाही. मी मागं उभा राहून विचारतो, "लागलं का काही?" तो म्हणतो, "हो सर." पहिल्या दिवशी सगळेच "हो सर" म्हणतात. मीही माझ्या गुरुजींना हेच म्हणालो होतो आणि माझ्या हाताला काहीही लागलेलं नव्हतं. मागं रांगेत सात जण ताटकळत होते आणि बिचारी गाय सकाळपासून उभी होती. मला "नाही" म्हणायचा धीर झाला नाही. एकदा एका मुलाच्या हातमोज्यावर रक्त आलं. सगळ्यांना मिळून गाय एकच, तिच्यात हात घालणारा तो आठवा. तो दिवस मी विसरलेलो नाही. चूक त्या मुलाची नव्हती. आम्ही त्याच्या डोळ्यांना आकृत्या दाखवल्या होत्या, कानांना व्याख्यानं दिली होती आणि हाताला थेट परीक्षेला बसवलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, सरावानं येतंच की. येतं. पण सराव कुणाच्या जिवावर?

माझी आई थोरल्या बहिणीला भाकरी शिकवायची ते मला स्पष्ट आठवतं. ज्वारीचं पीठ परातीत, मधल्या आळ्यात कढत पाणी. "किती पाणी?" असं ताईनं विचारलं की आई म्हणायची, "पिठाला विचार." मग तळहाताच्या टाचेनं पीठ रगडायचं. कडेला चिरा पडल्या तर पाणी कमी, बोटांना चिकटलं तर जास्त. थापायला लागलं की ताईची भाकरी मधे जाड राहायची आणि कडेला फाटायची. आई बोलून थकली की मागं येऊन बसायची, ताईच्या हातावर स्वतःचा हात ठेवायची आणि थापायची. वर आईचा हात, खाली ताईचा. किती दाबायचं, कधी सोडायचं, परातीत कशी फिरवायची, हे त्या दोन हातांच्या मधे घडायचं. त्यात शब्द नसायचे. चार दिवसांत ताईची भाकरी तव्यावर फुगली.

आज भाकरीचे व्हिडिओ पैशाला पासरी आहेत. बघून भाकरी येते का हो? चष्मा लावून परातीच्या अगदी आत जाऊन बसलात तरी येणार नाही. आणि लेझर स्कॅनर म्हणजे फुगलेल्या भाकरीचं माप. व्यास किती, जाडी किती, पापुद्रा किती उचलला, सगळं अचूक सांगेल. माप हवंच, भाकरी मोडली तर परत तशीच करायला ते उपयोगी पडेल. पण आईचा हात त्यात नाही. माझं सगळं म्हणणं या एका हाताबद्दल आहे. आणि गाईच्या पोटात मला माझा हात विद्यार्थ्याच्या हातावर ठेवता येत नव्हता.

तो हात यंत्रात आणता येतो हे मला कळलं ते ग्लासगोच्याच एका पशुवैद्यक बाईंच्या कामामुळं. त्यांचं नाव सारा बेली. त्यांनी ग्लासगो विद्यापीठात संगणकाच्या मदतीनं एक गाय बनवली, हॅप्टिक काऊ. हॅप्टिक म्हणजे स्पर्शाचं. फायबरग्लासचा गाईचा मागचा अर्धा भाग आणि आत एक छोटा यांत्रिक हात. हा यांत्रिक हात मूळचा अमेरिकेतल्या एमआयटीचा. फँटम त्याचं नाव. थॉमस मॅसी आणि केनेथ सॅलिस्बरी यांनी तो 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला घडवला. त्याच्या टोकाला शिंपी बोटात घालतात तसं टोपण असतं. त्यात बोट घालायचं आणि हलवायचं. संगणकाला माहीत असतं की अमुक ठिकाणी गर्भाशय आहे. बोट तिथं पोचलं की सांध्यांतल्या मोटरी उलट रेटा देतात. हवेत काहीच नसतं, पण बोटाला लागतं. मऊ, टणक, पाणी भरलेलं, जसं ठरवलं असेल तसं. शिकवणारा शेजारी पडद्यावर बघत असतो, बोट कुठं चुकलं ते त्याला दिसतं. "जरा खाली ये, डावीकडे, हां, आता हलकेच दाब." विद्यार्थ्याला "हो सर" म्हणायची गरजच उरत नाही.

या यंत्रावर सराव केलेल्या मुलांना खऱ्या गाईत गर्भाशय सापडण्याचं प्रमाण, तसा सराव न केलेल्यांपेक्षा खूप जास्त निघालं. बाईंनी तपासून ते 2005 साली प्रसिद्धही केलं. पुढं त्यांनी घोड्याच्या पोटाचंही असं यंत्र केलं.

एक तांत्रिक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण माझा मुद्दा तिच्यातच आहे. डोळ्यांना फसवायला सिनेमाची सेकंदाला 24 चित्रं पुरतात. बोटाला फसवायला सेकंदाला साधारण हजार वेळा तो रेटा नव्यानं द्यावा लागतो. त्याहून फार कमी झाला की टणक भिंत थरथरते नाहीतर लोण्यासारखी लागते, आणि बोट लगेच ओळखतं. डोळ्यांचं 24 वर भागतं, बोट हजार मागतं. आपण ज्याला अडाणी समजतो तो हात इतका चोखंदळ आहे! म्हणूनच स्पर्शाचं काम अवघड आहे, महाग आहे, आणि म्हणूनच ते मागं पडतं. चष्मे स्वस्त होतात, गावोगावच्या प्रदर्शनांत येतात, फीत कापली जाते, फोटो निघतात. हात तसाच राहतो.

परत सांगतो, माझं चष्म्याशी वैर नाही. राणी की वाव मोजणाऱ्या त्याच ग्लासगोच्या स्टुडिओनं काय केलं ते ऐका. स्कॉटलंडच्या आरोग्यसेवेच्या शिक्षण विभागासाठी त्यांनी माणसाच्या डोक्याचं आणि मानेचं संगणकातलं प्रारूप बनवलं. नसा, शिरा, स्नायू, सगळं खऱ्या शवविच्छेदनावरून मोजून घेतलेलं. आणि दंतवैद्यकाच्या मुलांना जबडा बधिर करायचं इंजेक्शन शिकता यावं म्हणून त्याला स्पर्शाची जोड दिली. सुई मांसातून कशी सरकते आणि हाडाला टेकली की कशी अडते, ते हाताला कळावं म्हणून. म्हणजे एकाच छपराखाली मोजमाप, चष्मा आणि हात. स्कॅनरवाला, चित्रकार, डॉक्टर आणि संगणकवाला एका टेबलाभोवती बसले की हे होतं. कुणा एकाच्यानं होण्यातलं ते नाही.

पुतळ्यांना, मूर्तींना लेझरनं मोजून त्यांच्या प्रतिकृती अंध मुलांच्या हातात द्यायच्या, याबद्दलही बोलायचं होतं. संग्रहालयात "हात लावू नये" ही पाटी योग्यच आहे, मूळ मूर्तीला हात लावूच नये. पण मग त्या मुलांनी काय... असो, खिडकीतून मला खूण झाली आहे, दोनच मिनिटं राहिली आहेत. तो विषय पुन्हा कधीतरी.

राहिलेली दोन मिनिटं गाईसाठी. मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय 1886 पासून चालू आहे. परभणी, नागपूर, उदगीर, शिरवळ इथं महाविद्यालयं आहेत. तिथून बाहेर पडणारा प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी उद्या कुणाच्या तरी गोठ्यात हात घालून सांगणार आहे की गाय गाभण आहे की भाकड. ते चुकलं तर काय होतं, ते दूध घालणाऱ्या बाईला विचारा. माज दर 21 दिवसांनी येतो. एक माज हुकला की तीन आठवडे गेले, वैरण मात्र रोज लागते. आणि गाभण गाय भाकड समजून बाजारात गेली तर त्या घराचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. ती चूक बहुतेक वेळा अज्ञानाची नसते. डोक्याला सगळं पाठ असतं, बोटांना माहीत नसतं.

आपल्याकडे मोटर गुंडाळणारी मुलं आहेत, संगणकावर खेळ बनवणारी मुलं आहेत, आयटीआयत नाना तऱ्हेचे सांधे बनवणारे हात आहेत. शेजारच्याच इमारतीत असतात ही सगळी. त्यांना आणि पशुवैद्यकांना एका टेबलाशी बसवा. परदेशी यंत्र परवडत नसेल तर साधं, ओबडधोबड, एकाच बोटाचं यंत्र बनवून सुरुवात करा. तेवढ्यानंही एखाद्या गाईचा एक दिवसाचा छळ वाचेल.

आणि ज्या प्राचार्यांच्या, ज्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर आज व्हर्च्युअल रिॲलिटीच्या चष्म्यांच्या खरेदीचा कागद सहीसाठी पडला असेल, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. सही जरूर करा. पण करण्याआधी विकणाऱ्याला एक प्रश्न विचारा, "यात हाताला काय लागेल?" उत्तर "काही नाही" असं आलं, तर त्याच कागदावर खाली आणखी एका यंत्राची मागणी लिहा.