ट्रस्टला जुनी मोटार देताना
(सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



आजच्या सभेत दानधर्मावर चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली. विषय फार मोठा आहे आणि त्यावर अधिकाराने बोलणारी वडीलधारी माणसे समोरच बसलेली आहेत. म्हणून मी एकाच दानाविषयी बोलणार आहे. आपल्यातील एका घराने आपली सात-आठ माणसांची मोठी मोटार ट्रस्टला देण्याची इच्छा दाखविली आहे. मुले नोकरीनिमित्त बाहेरगावी गेली, घरात दोनच माणसे उरली, गाडी दारात उभी असते. कार्यकारी मंडळाने निर्णय पुढील बैठकीवर ठेवला आहे. गल्लीत मात्र गाडीला हार घालून झालासुद्धा!

गरज आहे, यात शंका नाही. २००८ सालापासून कर्नाटकात १०८ ची रुग्णवाहिका विनामूल्य येते आणि तिने पुष्कळ जीव वाचविले आहेत. पण ती तातडीच्या वेळची. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारा माणूस, इस्पितळातून घरी आणावयाची बाळंतीण, कोल्हापूरच्या डॉक्टरांनी पुन्हा बोलाविलेले आजोबा, यांची सोय कोणी करावयाची? वान्लेस साहेबांनी १८९४ साली मिरजेत इस्पितळ उघडले, तेव्हापासून आपल्या भागातले रोगी मिरजेची वाट धरीत आले आहेत. शहापूर-वडगावच्या मागावर बसणाऱ्या घराला तेथवरचे गाडीभाडे म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी.

तेव्हा गाडी हवीच. पण ती कशी असावी आणि कशा रीतीने दिलेली असावी, हे पाहिले पाहिजे. आपल्याकडे म्हण आहे, ‘धर्माचे गायी आणि दात का गे नाही’. गाईच्या बाबतीत ती शोभेल. मोटारीचे दात मोजलेच पाहिजेत, कारण तीत आजारी माणूस बसणार आहे. कठोपनिषदातल्या नचिकेताला शंका आली ती हीच. बाप यज्ञात दूध आटलेल्या, थकलेल्या गाई दान देत होता, आणि ते मुलाला बघवेना. कुराणशरीफातही अशीच ताकीद आहे: जी वस्तू आपण स्वतः घेताना डोळेझाक करावी लागेल, ती दानात काढू नये. आणि विनोबाजींच्या भूदानाचे काय झाले? १९५१ साली पोचमपल्लीला पहिले शंभर एकर मिळाले, ती गोष्ट थोरच. पुढे मात्र मिळालेल्या जमिनीतली बरीचशी खडकाळ किंवा तंट्याची निघाली. कागदावर दान झाले, नांगर चालला नाही.

हजरत उमर यांची एक हकीकत हदीसमध्ये आहे. त्यांनी एक घोडा दान दिला. ज्याला दिला त्याने त्याची नीट निगा राखली नाही, आणि घोडा विक्रीला निघाला. उमर यांच्या मनात आले, आपणच तो स्वस्तात परत विकत घ्यावा. पैगंबर साहेबांनी त्यांना मना केले. एका दिरहमला मिळाला तरी घेऊ नये, म्हणाले. या हकीकतीचा अर्थ सर्वजण दात्याला लावतात, आणि तो बरोबरच आहे. पण मला त्या घोड्याचेही वाटते. घेणाऱ्याजवळ चाऱ्याची तजवीज होती की नाही, हे कोणी पाहिले होते?

आपला चारा म्हणजे डिझेल. कोल्हापूरला जाऊन येणे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. अशी अवजड गाडी लिटरला दहा-अकरा किलोमीटर देते. म्हणजे वीस-बावीस लिटर, आणि एका फेरीचे दोन हजारांच्या आतबाहेर. वर विमा, टायर, बॅटरी, सर्व्हिसिंग. गाडीला १५ वर्षे झाली की फेरनोंदणी. तिची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली. सुमंत मुळगावकरांच्या नावावरून जिचे नाव पडले ती टाटा सुमो १९९४ ला आली आणि २०१९ ला बंद झाली. आपल्या भागात अजून धावते, पण तिचे वय मोजून पाहा.

कोणी म्हणतील, रोग्याकडून डिझेलपुरते पैसे घेऊ. नको. खासगी, पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडे घेऊन माणसे नेणे कायद्यात बसत नाही. ते वडाप झाले. त्यात अपघात घडला तर विमा कंपनी हात वर करील.

सर्वांत नाजूक बाब नावाची. चावी हातात दिली, फोटो काढला, म्हणजे दान झाले असे आपण समजतो. कायदा तसे समजत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये एका खटल्यात निकाल दिला. मालकाने गाडी विकून दोन वर्षे होत आली होती, ती एकाकडून दुसऱ्याकडे अशी गेली होती, पण दप्तरी नाव पहिल्याचेच. अपघातात एक मुलगा दगावला, आणि भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या मालकावर आली. आपण दात्याचा सत्कार करावा आणि त्याच्या गळ्यात ही टांगती तलवार ठेवावी, हे आपल्याला शोभणारे नाही. नमुना २९ आणि ३० वर सही, चौदा दिवसांत आरटीओला कळविणे, बँकेचा बोजा असल्यास तो उतरविणे, विमा ट्रस्टच्या नावे करून घेणे, हे झाल्यावर मग हार. सीमेवरच्या आपणां लोकांना आणखी एक लफडे आहे. सोयरीक निपाणी ओलांडून कोल्हापूरपर्यंत, पण पाटी एकीवर केए-२२ आणि दुसरीवर एमएच-०९. उद्या कागल-इचलकरंजीच्या पाहुण्यांनी गाडी दिली, तर तिकडचा ना-हरकत दाखला आणि इकडचा कर, दोन्ही आले.

अमेरिकेत जुन्या मोटारी दान देण्याची मोठी चाल आहे. तेथे बऱ्याच संस्था ती गाडी वापरीत नाहीत, विकतात, आणि पैसा कामाला लावतात. लोक जुन्या गाडीची किंमत फुगवून करसवलत घेऊ लागले, म्हणून २००५ पासून साधारणपणे विक्रीतून जेवढे आले तेवढ्याचीच सवलत मिळते. आपल्याकडे वस्तू दिल्यास प्राप्तिकरात सवलत नाहीच. मान्यताप्राप्त ट्रस्टला चेकने रक्कम दिली तर मिळते.

म्हणून मंडळापुढे मी दोन वाटा ठेवल्या आहेत. गाडी मिस्त्रीला दाखवावी. इंजिन थकलेले निघाले, तर दात्या कुटुंबाने ती विकून रक्कम ट्रस्टला द्यावी. त्यातून रोग्यांचे गाडीभाडे देता येईल आणि सत्कारात तसूभरही कमी होणार नाही. गाडी धडधाकट असली, तर घ्यावी, पण नावावर करून आणि एका वर्षाचा खर्च आधी बाजूला काढून. हा खर्च दात्याने द्यावा असे मी म्हणत नाही. तो आपण बसलेल्यांनी द्यावयाचा.

एक गोष्ट अजून राहिली. रात्री दोन वाजता दार वाजले, तर चावी कोणाकडे? पगारी ड्रायव्हर परवडणार नाही. पक्के लायसन असलेल्या दोन तरुणांनी माझ्याकडे नावे दिली आहेत. आठवड्याच्या पाळ्या लावायच्या तर आणखी तीन हवेत. सभा संपल्यावर मी दाराशी वही घेऊन उभा आहे.