गिफ्ट कार्डाची मुदत आणि ग्राहकाचे येणे

रायपूरच्या मालवीय रस्त्यावरील किंवा पंडरीच्या कापडबाजारातील दुकानदाराकडे एखाद्याने लग्नाच्या खरेदीसाठी आगाऊ रक्कम ठेवली, तर ती वहीत त्याच्या नावे जमा होते. वर्षभर तो फिरकला नाही, म्हणून रक्कम दुकानदाराची झाली असे कोणी म्हणत नाही. गिफ्ट कार्ड हे या आगाऊ रकमेचेच एक रूप होय. येथे पैसे एक जण देतो, माल दुसरा घेतो, आणि कार्डावर बारीक अक्षरांत एक तारीख छापलेली असते. ती उलटली की गल्ल्यावरचा माणूस कार्ड परत करतो. पैसे तर घेतले गेले. माल मात्र दिला गेला नाही. मग ते पैसे कोणाचे?

याचे उत्तर कार्ड कोणी काढले यावर अवलंबून आहे. बँकेने किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या कंपनीने काढलेले, अनेक दुकानांत चालणारे कार्ड रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली येते. 27 ऑगस्ट 2021 च्या निर्देशांत तिने अशा कार्डाची मुदत किमान एक वर्षाची ठरविली आणि गिफ्ट कार्डावरील रकमेला 10,000 रुपयांची मर्यादा घातली. मुदत संपण्यापूर्वीच्या 45 दिवसांत धारकाला सावध करण्याचे बंधनही कार्ड काढणाऱ्यावर घातले. याहून महत्त्वाची तरतूद पुढे आहे. बँकेतर कंपनीला शिल्लक रक्कम मुदत संपल्यानंतर किमान तीन वर्षे स्वतःच्या नफ्यात वळविता येत नाही. आणि मुदतीनंतर धारकाने केव्हाही मागणी केली, तरी ती त्याच्या बँकखात्यात जमा करावी लागते. म्हणजे मुदत कार्डाला आहे, येणे कायम राहते.

परंतु जे कार्ड काढणाऱ्याच्याच दुकानात चालते, त्याला रिझर्व्ह बँकेच्या परवानगीची गरज नसते आणि हे निर्देशही त्याला लागू होत नाहीत. अमेरिकेने 2009 च्या कायद्याने गिफ्ट कार्डावरील रकमेला किमान पाच वर्षांचे, तर ऑस्ट्रेलियाने 2019 मध्ये कार्डाला तीन वर्षांचे आयुष्य दिले, आणि दुकानांची कार्डेही त्यांत धरली. भारतात अशा वेळी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचाच आधार घ्यावा लागतो.

कार्ड स्वतः विकत घेतले नाही म्हणून भेट मिळालेल्याने माघार घेण्याचे कारण नाही. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाऱ्यालाही हा कायदा ग्राहक मानतो. ग्राहकाचे अहित करणारी अवाजवी अट ज्यात आहे, त्या कराराला कायद्याने ‘अन्यायकारक करार’ म्हटले असून तशी अट रद्दबातल ठरविण्याचा अधिकार राज्य आयोगास दिला आहे. छत्तीसगडचा राज्य आयोग रायपुरात आहे. जिल्हा आयोगाला मात्र हा अधिकार नाही. दोन हजार रुपयांच्या कार्डासाठी जगदलपूरच्या माणसाने राज्य आयोगाची पायरी चढावी, ही अपेक्षा विचित्रच म्हटली पाहिजे. हक्क दिला, पण तो ठेवला उंच फळीवर!

तथापि जिल्हा आयोगाचे दार बंद नाही. सेवेतील उणीव किंवा अनुचित व्यापारी प्रथा या कारणांवर तेथे दाद मागता येते. उदाहरणार्थ, मुदतीची अट विक्रीच्या वेळी दडवली असेल तर. तक्रार ग्राहकाच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, आणि दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. ऑनलाइन तक्रारीचीही सोय आहे. कार्ड, खरेदीची पावती आणि दुकानदाराकडे केलेली लेखी मागणी हे कागद जपून ठेवावेत; तोंडी नकाराचा पुरावा राहत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज दाखल व्हावा लागतो, कारण मुदत तेथेही आहे.