आमवात आणि खचणारे मन
(मंडळाच्या मासिक सभेत एका डॉक्टर भगिनीने केलेले भाषण)



सांधेदुखीवर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. तेव्हा तेल, शेक, पथ्य असे काहीतरी ऐकावयास मिळेल म्हणून आपण आला असाल. त्यासंबंधी मी थोडेच बोलणार आहे. मला बोलावयाचे आहे ते सांध्यांबरोबर खचत जाणाऱ्या मनाविषयी.

आधी एक घोटाळा दूर करू. उतारवयात गुडघे दुखतात ते बहुधा झिजेमुळे. आमवात निराळा. डॉक्टर ज्याला ‘र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ म्हणतात, तो हा. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच यात सांध्यांच्या अस्तरावर उलटते, आणि बोटांची पेरे, मनगटे, पायांचे चवडे दोन्ही बाजूंना सारखेच सुजतात. तो तिशी-चाळिशीतही गाठतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीने अधिक होतो. पुणे-सोलापूर रस्त्यावरील भिगवण गावात 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर पाहणी केली, तेव्हा सुमारे दोनशे प्रौढांमागे एकाला हा रोग आढळला.

त्याची एक खोड ध्यानात घ्या. सकाळी सांधे आखडलेले असतात आणि मोकळे होण्यास तास-दोन तास लागतात. म्हणजे ज्या वेळी कणीक मळावयाची, डबे भरावयाचे, त्याच वेळी मूठ वळत नाही. दहा वाजता तीच बाई हिंडती-फिरती दिसते. मग घरात कोणीतरी म्हणते, “कामाच्या वेळीच बरे हिचे हात दुखतात!” बोलणाऱ्याला कल्पनाही नसते, की त्याने रोगाचे लक्षणच अचूक सांगितले आहे!

माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंचे उदाहरण देते. औषधाने त्यांची सूज पुष्कळ उतरली, पण बोटांची मुळे जाड झाल्याने बांगड्या हातात चढेनात. त्या हळदीकुंकवाला हात पदराखाली घेऊन बसू लागल्या. पुढे जाणेच सोडले. मग भजन सुटले, शेजार सुटला. पहाटे तीनला जाग यावी आणि डोळ्याला डोळा लागू नये. घरचे म्हणत, “पहिल्यापासून जरा अबोलच आहे.” त्याही तेच म्हणत. स्वभाव म्हटले की औषधाचा प्रश्नच मिटतो ना!

हा स्वभाव नव्हता, नैराश्य होते. आणि ते या रोगात फार आढळते. इंग्लंडमधील संशोधकांनी 2013 साली 72 अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत तेरा हजारांहून अधिक रुग्ण होते, आणि शेकडा सुमारे सतरा जणांना उपचार करण्याजोगे नैराश्य होते. सहांत एक! दुखण्याने आणि परावलंबनाने मन खचते हे उघडच आहे; पण सांधे सुजवणारी रक्तातील द्रव्ये मेंदूवरही परिणाम करतात, झोप बिघडवतात, थकवा आणतात, असेही आता दिसून आले आहे. उलट, मन खचले की तेवढेच दुखणे अधिक जाणवते, गोळ्या चुकतात, आणि सांध्यांचे औषध लागू पडत नाही असे वाटू लागते.

या रुग्णांचे रोजचे जिणे मोजण्यासाठी अमेरिकेतील डॉ. जेम्स फ्राइज यांनी 1980 साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. नळ सोडता येतो का, गुंड्या लावता येतात का, असे प्रश्न तीत आहेत. आपल्या घरांसाठी मी आणखी विचारीन: सांडशीने पातेले उतरवता येते का? ओली साडी पिळता येते का? निऱ्या घालता येतात का? वेणी घालण्यास सुनेला हाक मारावी लागते का, आणि हाक मारताना जिवावर येते का? या शेवटच्या प्रश्नाला मी फार महत्त्व देते.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा बोटे दाखवून परत येऊ नका. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशात गोडी वाटत नसेल, झोप येत नसेल, रडू येत असेल, तर तेही सांगा. बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून न्या. जगणे नको असा विचार आला तर वाटच पाहू नका, त्याच दिवशी घरच्यांना व डॉक्टरांना सांगा. 14416 या क्रमांकावर सरकारची ‘टेली मानस’ सेवा अहोरात्र व विनामूल्य चालते. तेथे मराठीत बोलता येते. नैराश्यावर गोळ्या आहेत, समुपदेशन आहे. आणि सांध्यांना सोसेल एवढा व्यायाम मनालाही मानवतो.

सांध्यांच्या औषधाविषयी एवढेच, की लवकर सुरू केले तर बोटे वाकडी होण्याचे पुष्कळदा टळते. मेथोट्रेक्झेट ही गोळी या रोगात आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते; चुकून रोज घेतल्यास ती जिवावर बेतते. घेण्याचा वार दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. ज्यांना मूल हवे आहे त्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावे.

त्या बाई नैराश्यावरील उपचारांनंतर गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाला गेल्या. बांगड्या अजून चढत नाहीत. उघडझाप करता येणाऱ्या खटक्याच्या पाटल्या त्यांनी करून घेतल्या आहेत. कोणाला हव्या असतील तर सोनाराला तसे सांगावे, तो करून देतो.